पोत्याखालचा खुनी

खैरझरीत टिकाराम उईकेला हिरो म्हणतात, आणि ते काही कौतुकानं नाही. आर्वीहून जंगलाच्या अंगानं गेलं की सत्तर-ऐंशी घरांचं हे गाव लागतं. अर्धी घरं गोंडांची, बाकीची इतर शेतकऱ्यांची, आणि बसथांब्याला लागून हेमराजचं किराणा दुकान. गावात नवी सून आली की आठ दिवसांत तिला दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे कुठल्या हातपंपाचं पाणी गोड आहे, आणि दुसरी म्हणजे समोरून जाणारा हा उंच, वाळका, खांद्यावर दुपट्टा टाकलेला म्हातारा स्वतःला सिनेमातला खुनी समजतो. टिकाराम आता चौसष्टचा आहे. त्यातली छत्तीस वर्षं त्यानं खोटारडा म्हणून काढली. तो नेमकं काय खोटं बोलला असं विचारलं तर लोक सिनेमाचंच सांगतात, दुसरं काही त्यांना आठवत नाही.

त्याचं असं झालं. शहाऐंशी सालच्या हिवाळ्यात मुंबईची एक सिनेमा कंपनी जंगलखात्याच्या विश्रामगृहात येऊन उतरली. सिनेमाचं नाव ‘मौत का मचान’. कॉलेजची सहा पोरंपोरी जंगलात सहलीला येतात आणि तोंडावर पोतं बांधलेला एक कुऱ्हाडवाला त्यांना एकेक करून उडवतो. कथा म्हणाल तर एवढीच, आणि तीही ओढूनताणून. खुन्याचं काम करायला विक्की सुरी नावाचा नट आला होता. त्याला पहिल्याच दिवशी पोत्याची खाज सुटली, मानेवर हे एवढाले चट्टे उठले. वर कुऱ्हाड धरता येईना. तो ती बॅटसारखी धरायचा आणि पातं कुठं, दांडा कुठं! दिग्दर्शक मदन कपिल डोक्याला हात लावून बसले. विश्रामगृहाच्या मागं तेव्हा टिकाराम कंपनीच्या चुलीसाठी लाकडं फोडत होता. सव्वीस वर्षांचा, विक्की सुरीएवढाच उंच, आणि कुऱ्हाड हातात अशी की जणू हाताबरोबरच आली असावी. कपिलसाहेबांनी त्याला बोलावलं, डोक्यावरून पोतं चढवलं आणि म्हणाले, चल.

नऊ दिवस टिकारामनं खून केले. सकाळी न्याहारीला पुऱ्या, मग दोन खून, मग जेवण, मग एखादा पाठलाग. त्याच्या दृष्टीनं हे काम कुपापेक्षा हलकं होतं. जंगलखातं दरवर्षी जंगलाचा एक तुकडा तोडीला काढतं, त्याला कूप म्हणतात. टिकारामच्या घरात बापापासून कुपातल्या तोडणीचंच काम चालत आलेलं. नवव्या दिवशी कपिलसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, कॅनव्हासचे बूट दिले आणि त्याला घरी पाठवलं. दहाव्या दिवशी तिथं काय झालं हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारायचं कारणही नव्हतं. खात्याच्या शिपायानं बघ्यांना आवाराच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं, त्यामुळे टिकाराम कंपनीत लाकडं फोडायला जातो एवढंच गावाला माहीत.

सिनेमा आर्वीच्या थेटरात लागला तो अठ्ठ्याऐंशी साली. नागपुरात तो एक आठवडाही टिकला नव्हता म्हणे. पण टिकारामला त्याचं काय? त्यानं गावभर सांगितलं, ट्रॅक्टरची ट्रॉली ठरवली आणि खैरझरीची तीस माणसं थेटरात नेऊन बसवली. तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली धुरपता त्याच्या शेजारी. पुढच्या रांगेत हेमराज, तेव्हाचा त्याचा जिवाभावाचा दोस्त. सिनेमा सुरू झाला. पडद्यावर काळोख, काळोखात काळं पोतं, आवाज असा की भांड्यात वाळू हलवावी, आणि वरून पंख्यांची खडखड. टिकाराम प्रत्येक खुनाला सांगत होता, “हा मीच. हे पाह्य, हा मीच.”

शेवटी पोलीस खुन्याला घेरतात आणि त्याचं पोतं ओढून काढतात. पोतं निघालं आणि आतून विक्की सुरीचा गोरापान, पावडर लावलेला चेहरा बाहेर आला.

खैरझरीची तीसही माणसं हसली. हेमराज खुर्चीवर उभा राहून ओरडला, “काबे टिकाराम, इतला गोरा कवा झाला तू?” मग तर अख्खं थेटर हसलं, ज्यांना टिकाराम कोण हे ठाऊक नव्हतं तेही. टिकारामनं तिथंच सांगायला सुरुवात केली, की तोंड तेवढं त्याचं आहे, बाकी सगळा मी. त्यानं जितकं सांगितलं तितकं ते हास्यास्पद होत गेलं. खोलात जाऊन समजावणाऱ्याचं नेहमी असंच होतं. परतीच्या वाटेवर ट्रॉलीतच त्याचं बारसं झालं आणि तो हिरो झाला.

दोन वर्षं त्यानं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पण नाव चिकटायचं ते चिकटलं. एकदा नाल्यात त्याला बिबट दिसला. तो गावात सांगत आला तर पोरं म्हणाली, त्याच्या तोंडावर पोतं होतं काय? तिसऱ्या दिवशी वासरू गेलं. टिकारामनं आधी सांगितलं होतं हे तेव्हा कोणाला आठवलं नाही. वनहक्काचे दावे करायची समिती झाली तेव्हा त्याचं नाव कोणीतरी सुचवलं. जंगलाचा कोपरा न् कोपरा त्याला पाठ, याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. पण मागून कोणीतरी म्हणालं, “हिरोचं काय खरं!” सभा हसली आणि नाव तिथंच गळलं. हे हसणं दुष्ट नव्हतं. दुष्ट असतं तर भांडता तरी आलं असतं.

आणि धुरपता? तिनं त्या दिवसापासून या विषयावर एक शब्द काढला नाही. ती कामाची, कमी बोलणारी बाई. तिनं त्याला कधी हिरो म्हटलं नाही, पण तुम्ही खरं बोलत होता असंही म्हटलं नाही. गाव काय म्हणतं हे टिकाराम रोज ऐकत होता. बायको काय मानते हे त्यानं छत्तीस वर्षांत विचारलं नाही. हिंमत झाली नाही, हे सरळच सांगितलेलं बरं.

यंदा जानेवारीत त्याच्या मोबाईलमधून आवाज यायचा बंद झाला, म्हणून तो आर्वीला गेला. एसटी स्टँडजवळ रजतचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. रजत तिशीतला, आर्वीतलाच. त्याला जुन्या भुताखेतांच्या आणि खुनाखुनीच्या सिनेमांचं वेड. दुकानातल्या एका फळीवर मोबाईलची कव्हरं आणि उरलेल्या दोन फळ्यांवर सिनेमांच्या डिस्का. त्याच्या आईनं त्या रद्दीत घालायची धमकी देऊनही पाहिली होती. भिंतीवरच्या टीव्हीवर काहीतरी चालू होतं. टिकारामनं मोबाईल काउंटरवर ठेवला, वर पाहिलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

टीव्हीवर विश्रामगृहाचा व्हरांडा होता. इतका स्वच्छ, की खांबावरचा चुन्याचा पोपडा दिसावा. व्हरांड्यातून पोतं घातलेला एक माणूस चालत येत होता.

“काका, हा सिनेमा तुमाले माहीत नसन,” रजत उत्साहानं सांगू लागला. “कोनालेच माहीत नाई. मुंबईच्या एका बंद पडलेल्या गोदामात याची मूळ फिल्लम भेटली. परदेशातल्या कंपनीनं एकेक चित्र धुऊन-पुसून काढलं, आवाज साफ केला. मी तीन महिने वाट पाहून मागवली ही डिस्क. तिकडचे लोक पागल होऊन राह्यले याच्यापायी.”

“मीच हाये तो,” टिकाराम म्हणाला. चौतीस वर्षांनी त्याच्या तोंडून हे वाक्य निघालं होतं, आणि निघाल्याबरोबर त्याला पश्चात्ताप झाला.

रजत हसला नाही. तो खैरझरीचा नव्हता, त्यामुळे या वाक्यावर हसायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, “थांबा काका. एक जागा दाखवतो तुमाले.”

त्यानं सिनेमा पुढं नेला. एक मुलगी लाकडी कपाटात लपलेली. पोतंवाला खोलीत येतो, कपाटापुढं थांबतो. कुऱ्हाड हातात फिरवून उलटी करतो आणि पात्याच्या पाठीनं कपाटावर दोनदा ठोकतो. टक. टक. मग वाकतो, कपाटाला कान लावतो आणि तसाच उभा राहतो. आत मुलगी श्वास रोखते. किती वेळ काहीच होत नाही. मग तो सरळ होतो आणि कुऱ्हाड घालतो.

“हे दोन ठोके,” रजत म्हणाला, “जगात गाजून राह्यले. लोकाईनं याचे टी-शर्ट काढले.” डिस्कबरोबर एक पुस्तिका आली होती. त्यात कोणा तज्ज्ञानं या दोन ठोक्यांवर चार पानं लिहिली होती. रजतनं त्यातलं मराठी करून सांगितलं: हा खुनी मरणाची परवानगी मागतो, बळीच्या काळजाचे ठोके ऐकतो, मगच वार करतो. खुनी दाराला ठोकतो, झाडाला ठोकतो, कपाटाला ठोकतो, मचाणाला ठोकतो, पण जीपमध्ये लपलेल्या मुलाला मारताना मात्र ठोकत नाही. याचा अर्थ काय असावा, यावर त्या तज्ज्ञानं अर्धं पान खर्ची घातलं होतं. डिस्कवर मदन कपिलांची नवी मुलाखतही होती. पार थकलेले कपिलसाहेब सांगत होते, की मी एकदा आंघोळ करत होतो, घरमालकानं दारावर दोन टकटक केल्या, आणि मला हे सुचलं.

टिकारामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “झाड पोकळ हाये का भरीव, हे आयकाव लागते ना बापू. उल्ट्या कुऱ्हाडीनं दोन ठोके द्याचे अन् कान लावाचा. पोकळ असलं तं घाव फिरते, पायावर येते. अन् आत काई जीव असला, घूस म्हना, पाखरू म्हना, तं त्याले निंगाले वेळ भेटते. माया बापानं शिकवलं. इचारल्याबिगर झाडाले हात लावाचा नाई.”

“पण हे तं कपाट होतं काका.”

“लाकूडच ना.”

“अन् जीप?”

“जीप लोखंडाची असते,” टिकाराम म्हणाला. तज्ज्ञाच्या अर्ध्या पानाचा निकाल एवढ्यात लागला.

रजत उठून येरझारा घालू लागला. कंपनीला पत्र लिहितो म्हणाला, त्याच्या सिनेमावेड्या मंडळींना सांगतो म्हणाला, तुमची मुलाखत घेऊ म्हणाला. अमेरिकेत, जपानात लोक तुमचं नाव घेतील! टिकारामनं त्याला बोलू दिलं. त्याचं सगळं बोलून झाल्यावर त्यानं एकच विचारलं, “हे खैरझरीत दाखवता येईन काय?”

“खैरझरीत?”

“जपानच्या लोकाईनं कुठी म्हनलं मले खोटा? हेमराजले दाखवाचं हाये.”

पुढच्या रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला. रजतनं प्रोजेक्टर आणला, मोठा स्पीकर आणला, पांढरी चादर ताणून बांधली. थेटरात गेलेल्या तिसांतले अकरा उरले होते, ते सगळे आले. बाकी पोरंसोरं, सुना, रिकामटेकडे. हेमराज सर्वांत पुढं प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, पण जिभेला काही धक्का लागला नव्हता. “हिरो, यावक्ती तरी तोंड दाखवजो बाप्पा,” तो म्हणाला आणि लोक सवयीनं हसले. टिकाराम भिंतीला टेकून उभा राहिला. बसवत नव्हतं त्याला. आज जर हसले, तर मरेपर्यंत हसतील, हे त्याला चांगलं कळत होतं. धुरपता मागं बायकांत बसली होती, पदर डोक्यावरून पुढं ओढून.

सिनेमा सुरू झाला. नव्या पोरांना नटांचे केस आणि कपडे बघून हसू आवरेना. दहा-पंधरा मिनिटं अशीच गेली. मग पहिला खून आला. पोतंवाला विश्रामगृहाच्या दारापाशी थांबला. कुऱ्हाड उलटी केली. स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला. टक. टक.

भिंतीशी रुख्माबाई पेंगत होती. ऐंशी पार केलेली म्हातारी. तिचा नवरा जन्मभर टिकारामच्या बापाबरोबर कुपात तोडणीला होता. ती खडबडून जागी झाली आणि मोठ्यानं म्हणाली, “कोन आलं कुपात?”

सगळे हसले. पण म्हातारी चादरीकडे डोळे बारीक करून बघत होती. पोतंवाला दाराला कान लावून उभा होता. “थांबव रे पोरा ते,” ती म्हणाली. “मांगं ने.” रजतनं मागं नेलं. टक, टक, आणि कान. “पुन्हा ने.” पुन्हा नेलं.

“हे तं आपलं हाये,” रुख्माबाई म्हणाली. “मुंबईचा मानूस कायले लाकडाले कान लावन?”

जुन्या तोडणीवाल्यांतले दोघे-तिघे पुढं सरकले. एकजण म्हणाला, “हो न बाप्पा. ठोका बरोबर हाये.”

“ठोकलं तं काय झालं?” हेमराज म्हणाला. “दारच तं ठोकलं.”

“तू चूप राह्य. तू तराजूवाला हायेस, तुले काय समजते?” रुख्माबाईनं त्याला उडवून लावलं. “कान पाह्य कोनता लावला त्यानं. डावा. आमच्यातले सारे उजवा लावत. टिकारामच्या बापाचा उजवा कान बहिरा होता. तो डावा लावे, अन् त्याचं पाहून हा पोट्टाही डावा लावे. माया घरवाला हासे याले, का तुले तं दोन्ही कान हायेत, तू काऊन डावा लावतं?”

रजतनं सिनेमा पुढं चालू केला. झाडापाशी डावा कान, कपाटापाशी डावा कान. आता सगळे फक्त कानाकडे बघत होते. खुनांकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मचाणाच्या खांबाला पोतंवाल्यानं डावा कान लावला तेव्हा हेमराजनं खुर्चीतच मान वळवली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या टिकारामकडे बराच वेळ पाहिलं.

“हाये बाप्पा,” तो म्हणाला. “तूच हायेस.” मग जरा चिडूनच म्हणाला, “मंग हे कानाचं तवाच सांगाचं होतं ना बे!”

लोक हसले. चांगलं हसले, टिकारामच्या बाजूनं हसले. कोणी पाठीवर थाप मारली, कोणी त्याच्याबरोबर फोटो काढला, एकानं त्याच्या हातात केळं दिलं. पोतं निघून विक्की सुरीचा चेहरा आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारून त्या चेहऱ्याला हाकलून लावलं. टिकारामनं या घटकेची छत्तीस वर्षं वाट पाहिली होती आणि ती आली तेव्हा त्याला वाटलं होतं तितकं काही वाटलं नाही. बरं वाटलं, एवढंच. ताप उतरल्यावर वाटतं तसं. त्यानं मागं बायकांकडे पाहिलं. धुरपता तिथं नव्हती. ती कधीच उठून घरी गेली होती, पोतं निघायच्या आधीच.

तो घरी पोचला तेव्हा दिवस कलला होता. धुरपता ओट्यावर बसून सुपात तूर पाखडत होती. टिकाराम पायरीवर बसला. घरात दोघं गोंडी बोलतात. पुढचं बोलणं गोंडीतच झालं, ते इथं वऱ्हाडीत दिलं आहे.

“सारे मानले,” तो म्हणाला. “हेमराजही मानला.”

“आयकू आलं मले. लोक रस्त्यानं बोलत जाऊन राह्यले.”

“तू काऊन उठून आली?”

धुरपतानं सूप खाली ठेवलं. “मले ते शेवटचं पाहाचं नव्हतं. एकदा पाह्यलं तेवढं पुरं झालं.”

आज विचारायचं नाही तर कधी, असं टिकारामच्या मनात आलं आणि त्यानं विचारून टाकलं. “तू मानत होती काय मले?”

“मी तं त्याच रोजी मानलं,” धुरपता म्हणाली. “तीस मानसाईत मी एकलीच मानली. तुमची चाल मले दिसत होती ना. तीन महिने झालते लगनाले. समोर तो पोरीले कुऱ्हाडीनं तोडे, अन् बाजूले बसून तुमी मले कानात सांगा, हा मीच. हा मीच. मी म्हनलं, बापानं कोनाच्या घरी देलं मले. मंग ते पोतं निंगालं. आतून दुसराच मानूस! माया जीव भांड्यात पडला. मी हासली.”

ती खाली बघून म्हणाली, “पह्यले मीच हासली. माया आवाज आयकून मांगचे हासले. मंग हेमराजभाऊ उभे राह्यले.”

टिकारामनं तिच्याकडे पाहिलं. गावात जे हसू छत्तीस वर्षं त्याच्या मागं फिरत होतं, ते त्याच्याच घरून निघालं होतं. त्याला राग आला. खरा राग, डोळ्यांत पाणी आणणारा. “अन् मंग? मी सांगतलं ना, तोंड त्याचं, बाकी मी. तवा तरी बोलाचं होतं.”

“तवा तं मले पुन्हा भेव लागलं. मी म्हनलं, म्हनू दे लोकाईले खोटा. खोट्या मानसापाशी झोप तं लागते.”

सुपातली तूर तशीच पडून होती. रस्त्यानं दोन पोरं गेली. त्यांनी टिकारामला बघून हवेत दोन ठोके मारून दाखवले आणि डावा कान पुढं केला. त्यानं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. जे ऐकायला तो जन्मभर थांबला होता, ते त्याला पहिल्या दिवसापासून मिळालेलं होतं. आणि ज्याचा त्याला जन्मभर त्रास झाला, तेही त्याच माणसानं दिलेलं होतं. दोन्हींचा मिळून काय हिशेब लावावा हे त्याला समजेना.

“भेव कवा गेलं मंग?” त्यानं विचारलं.

“आपली पोरगी रीना झाली तवा. ती दचकू नये म्हनून तुमी लाकडं फोडाले नाल्याच्या तिकडं जात होते. भर उन्हात, पार तिकडं. अन् डोक्यावर मोळी घेऊन येत होते.” धुरपतानं पदरानं तोंड पुसलं. “तवा गेलं.”

“मंग तवा काऊन नाई सांगतलं मले?”

“मी वाट पाह्यली,” धुरपता म्हणाली. “म्हनलं, पुन्हा एकदा सांगतीन हे, का हा मीच होतो, तं हो म्हनीन. पन तोवर तुमी सांगनंच सोडून देलतं.”